भिंत श्रोत्यांची, लॅपटॉप वक्त्याचा

चार लोकांपुढे बोलताना : लेखांक ९

शाळेच्या सभागृहात पालकसभा होती. बाईंनी आठवडाभर खपून स्लाईड्स केल्या होत्या. वर्गाची वाचनातली प्रगती, पुढच्या सहामाहीत काय करायचं, घरी पालकांनी काय करावं, सगळं नीट मांडलं होतं. प्रत्येक स्लाईडखाली स्वतःसाठी टिपणंही लिहिली होती. प्रोजेक्टर जोडला, शो सुरू केला आणि भिंतीवर भलतंच उमटलं. डावीकडे स्लाईड, उजवीकडे पुढच्या स्लाईडचं छोटं चित्र आणि त्याखाली काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत बाईंचं टिपण. त्यात एका मुलाचं नाव होतं. पुढे लिहिलं होतं, 'वाचनात बराच मागे. सभा संपल्यावर आईशी वेगळं बोलणे.' त्याची आई तिसऱ्या रांगेत बसली होती.

बाईंनी झटकन लॅपटॉप मिटला. सगळा प्रकार पाच-सहा सेकंदांचा, पण एक ओळ वाचायला तेवढा वेळ पुरतो. मी मागच्या भिंतीला टेकून उभी होते. आधी काही माना त्या आईकडे वळल्या, मग सगळ्या खाली गेल्या. बाईंचा हेतू किती चांगला होता, तो त्या टिपणातच लिहिलेला होता. मुलाबद्दल चारचौघांत बोलायचं नाही, वेगळं बोलायचं, हेच तर त्यांनी स्वतःला बजावलं होतं.

ही घटना मी या लेखमालेत सांगणार नव्हते. पण गेल्या आठवड्यात 'स्लाईडवर कमी मजकूर लिहा' असं लिहिल्यावर बऱ्याच वाचकांनी एकच प्रश्न विचारला : स्लाईडवर लिहायचं नाही, तर आठवायचं कसं? त्याचं उत्तर आहे वक्त्याची टिपणं, म्हणजे स्पीकर नोट्स. आणि त्या फक्त आपल्याला दिसतील अशी दोन पडद्यांची मांडणी. मांडणी सोपी आहे. पण ती अर्धवट कळली तर काय होतं, ते मी त्या सभागृहात पाहिलं आहे. म्हणून आज हे पुरतं समजून घेऊ.

विंगेतला माणूस

आपल्याकडे नाटकाच्या प्रयोगाला विंगेत हातात संहिता घेऊन एक जण उभा असे. तो प्रॉम्प्टर. नट अडला की हळूच पुढचा शब्द द्यायचा, एवढंच त्याचं काम. चांगला प्रॉम्प्टर अख्खं वाक्य वाचत नाही. तो पहिले दोन-तीन शब्द देतो, पुढचं नटाला आपसूक सुचतं. प्रेक्षकाला ना तो दिसतो, ना ऐकू येतो. त्याला दिसतो फक्त रंगमंच.

दोन पडद्यांच्या मांडणीत प्रोजेक्टरचा पडदा किंवा भिंत हा रंगमंच आणि लॅपटॉपचा पडदा ही विंग. पॉवरपॉइंटमध्ये या विंगेला 'प्रेझेंटर व्ह्यू' म्हणतात, ॲपलच्या कीनोटमध्ये 'प्रेझेंटर डिस्प्ले' आणि लिबरऑफिस इम्प्रेसमध्ये 'प्रेझेंटर कन्सोल'. नावं निरनिराळी, काम एकच. श्रोत्यांना फक्त स्लाईड दिसते. तुम्हाला चालू स्लाईड, पुढची स्लाईड, तुमचं टिपण, घड्याळ आणि किती वेळ बोलून झालं तो आकडा, एवढं सगळं एका नजरेत दिसतं.

टिपणाची सोय पॉवरपॉइंटइतकीच जुनी आहे. फोरथॉट नावाच्या कंपनीत रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांनी घडवलेलं हे सॉफ्टवेअर १९८७ साली मॅकिंटॉशसाठी बाजारात आलं आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी विकत घेतली. तयार होत असताना त्याचं नाव होतं 'प्रेझेंटर'. पहिल्या आवृत्तीतून ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शिकांसाठी काळी-पांढरी पानं छापून निघत. त्याच आवृत्तीत 'नोट्स पेज'ही होतं : वरच्या अर्ध्या पानावर स्लाईडचं चित्र, खालच्या अर्ध्यावर वक्त्याचं टिपण. पारदर्शिका यंत्रावर ठेवायची आणि टिपणाचा कागद हातात धरायचा. रंगमंच आणि विंग तेव्हाही वेगळे होते. विंग कागदाची होती.

पुढे पारदर्शिका गेल्या आणि लॅपटॉप थेट प्रोजेक्टरला जोडला जाऊ लागला. तेव्हा लॅपटॉपवर जे दिसे तेच भिंतीवर दिसे. टिपण उघडलं की ते जगजाहीर, म्हणून वक्ते पुन्हा कागदाकडे वळले, नाहीतर टिपणच स्लाईडवर चढवू लागले. आज आपण ज्या मजकुराने गच्च भरलेल्या स्लाईड्स बघतो, त्यामागे हे एक मोठं कारण आहे असं मला वाटतं. विंगच नव्हती, म्हणून प्रॉम्प्टर रंगमंचावर येऊन उभा राहिला. एकाच संगणकाला दोन पडद्यांवर वेगवेगळं चित्र दाखवता येणं मॅकवर १९८७ पासून शक्य होतं. विंडोजमध्ये ती सोय विंडोज ९८ ने सर्वसामान्यांपर्यंत आणली. पॉवरपॉइंटच्या २०१३ च्या आवृत्तीपासून दुसरा पडदा जोडलेला असला की प्रेझेंटर व्ह्यू आपोआप सुरू होतो. म्हणजे विंग कधीची बांधून तयार आहे. तरी अजून कित्येक सभांमध्ये वक्ता श्रोत्यांकडे पाठ करून भिंत वाचत असतो.

जोडणी : एकदा नीट करून बघा

केबल लावल्यावर विंडोज की दाबून ठेवा आणि 'पी' दाबा. पडद्याच्या कडेला चार पर्याय येतात. 'पीसी स्क्रीन ओन्ली' म्हणजे भिंतीवर काहीच नाही. 'डुप्लिकेट' म्हणजे दोन्हीकडे एकच चित्र. 'एक्स्टेंड' म्हणजे दोन पडदे मिळून एक लांबलचक टेबल, ज्याचा अर्धा भाग तुमच्यासमोर आणि अर्धा भिंतीवर. 'सेकंड स्क्रीन ओन्ली' म्हणजे लॅपटॉप काळा, सगळं भिंतीवर. आपल्याला हवा तिसरा, 'एक्स्टेंड'. मॅकवर सिस्टिम सेटिंग्जमध्ये 'डिस्प्लेज' उघडून मिररिंग बंद केलं की हेच होतं.

मग पॉवरपॉइंटमध्ये वरच्या पट्टीत 'स्लाईड शो' उघडा. तिथे 'यूज प्रेझेंटर व्ह्यू' या चौकटीत टिकमार्क आहे ना, बघा. शेजारी 'मॉनिटर' असं लिहिलेलं दिसेल. तिथे 'ऑटोमॅटिक' असू द्या, किंवा स्लाईड कुठल्या पडद्यावर जायची ते स्वतः निवडा. एफ-५ दाबलं की शो पहिल्या स्लाईडपासून सुरू होतो. शिफ्ट धरून एफ-५ दाबलं तर समोर असलेल्या स्लाईडपासून.

आता त्या पालकसभेत काय झालं ते सांगते. शो कुठे दाखवायचा आणि टिपणं कुठे, हे संगणक स्वतः ठरवतो. कुठला पडदा मुख्य धरला आहे त्यावर हे अवलंबून असतं आणि कधीकधी अदलाबदल होते : टिपणं भिंतीवर, नुसती स्लाईड लॅपटॉपवर. उपाय एका क्लिकचा आहे. प्रेझेंटर व्ह्यूच्या वरच्या कडेला 'डिस्प्ले सेटिंग्ज' असतं, त्यात 'स्वॅप प्रेझेंटर व्ह्यू अँड स्लाईड शो'. ते दाबलं की दोन्ही चित्रं जागा बदलतात. बाईंना हे बटण माहीत नव्हतं. पण माहीत असतं तरी त्या पाच सेकंदांत सुचलं नसतं. म्हणून खरा उपाय आधीच करायचा असतो.

तो असा. बहुतेक प्रोजेक्टरच्या रिमोटवर चित्र तात्पुरतं झाकायचं बटण असतं. कुठे 'ब्लँक' लिहिलेलं, कुठे 'एव्ही म्यूट'. ते नसेल तर भिंगावर झाकण लावा, झाकण हरवलं असेल तर पुठ्ठा धरा. भिंत अशी झाकलेली असतानाच शो सुरू करा आणि लॅपटॉपकडे बघा. टिपणं तुमच्यासमोर असतील तर भिंतीवर नुसती स्लाईड आहे, खुशाल उघडा. लॅपटॉपवर नुसती स्लाईड असेल तर सावध व्हा : एकतर अदलाबदल झाली आहे, किंवा 'डुप्लिकेट' चालू आहे. ते दुरुस्त करा आणि मगच भिंत उघडा.

या पडताळणीला एक अपवाद आहे. ऑल्ट धरून एफ-५ दाबलं तर एकाच पडद्यावरही प्रेझेंटर व्ह्यू दिसतो. घरी तालीम करायला ही उत्तम सोय आहे. पण सभागृहात 'डुप्लिकेट' चालू असताना हीच कळ दाबली तर टिपणं दोन्हीकडे दिसतील. म्हणून ऑल्ट-एफ-५ घरी आणि एफ-५ सभेत, एवढी खूणगाठ बांधून ठेवा.

'एक्स्टेंड'चा आणखी एक फायदा बोलता बोलता पदरात पडतो. बोलत असताना आलेले निरोप आणि मेलच्या सूचना मुख्य पडद्यावर, म्हणजे सहसा लॅपटॉपवरच उमटतात. घरच्यांचा निरोप दोनशे माणसांनी वाचायची वेळ येत नाही. तरीही बोलण्याआधी सूचना बंद केलेल्या बऱ्या, कारण त्या तुमचंही लक्ष उडवतात.

एक अडचण मात्र नव्याने येते. माउसचा बाण लॅपटॉपच्या कडेवरून निसटून भिंतीवर जातो आणि सापडत नाही. घाबरू नका, ज्या दिशेने गेला त्याच्या उलट दिशेने सरकवत आणा. वेगळी चित्रफीत उघडायची असेल तर ती लॅपटॉपवरच उघडेल आणि श्रोते भिंतीकडे बघत बसतील. ती खिडकी भिंतीवर ढकलायला विंडोज की आणि शिफ्ट धरून बाणाची कळ दाबा. त्यापेक्षा चित्रफीत स्लाईडमध्येच घालून ठेवा, म्हणजे ही धावपळ उरत नाही.

टिपण कसं लिहावं

यंत्राचं झालं. आता त्यात काय लिहायचं ते बघू, कारण सगळं पाणी इथेच मुरतं.

समजा, शाळेतल्या मुलांपुढे लोणार सरोवरावर बोलायचं आहे. मी पाहिलेली नेहमीची स्लाईड अशी असते : वर 'लोणार सरोवर : माहिती' असा मथळा, कोपऱ्यात काडेपेटीएवढा फोटो आणि खाली आठ ओळी. बुलढाणा जिल्हा, अशनीच्या आघाताने बसाल्ट खडकात तयार झालेलं विवर, व्यास सुमारे १.८ किलोमीटर, पाणी खारट आणि अल्कधर्मी, २०२० मध्ये रामसर यादीत समावेश वगैरे. मुलं त्या ओळी उतरवून घेतात. त्या तळ्याकडे कुणी बघत नाही.

हीच स्लाईड दोन पडद्यांसाठी पुन्हा करू. भिंतीवर एकच फोटो, कडेपासून कडेपर्यंत : जून २०२० मध्ये गुलाबी झालेलं लोणारचं पाणी. एक अक्षर नाही. आणि लॅपटॉपवर, फक्त तुम्हाला दिसणारं टिपण :

'गप्प राहा. बघू दे.
विचारा : कुणी रंग टाकला असेल?
दोन-तीन उत्तरं घ्या.
जून २०२०. हॅलोआर्किया : मिठात वाढणारे सूक्ष्मजीव.
तपासणी : आघारकर संशोधन संस्था, पुणे.
पुढे → मग या पाण्यात इतकं मीठ आलं कुठून?'

पुढची स्लाईड विवराच्या आडव्या छेदाची. ओढे वाटीत उतरतात, बाहेर जायला वाट नाही, पाणी उन्हाने उडतं आणि क्षार मागे राहतात.

या सहा ओळींत काय काय आहे ते बघा. पहिली ओळ ही सूचना आहे, वाचायचा मजकूर नव्हे. ती तुम्हाला तोंड बंद ठेवायला सांगते, कारण व्यासपीठावर उभं राहिलं की शांतता खायला उठते आणि आपण उगाच बोलायला लागतो. दुसरी ओळ प्रश्न. तो शब्दशः लिहिलेला आहे, कारण प्रश्नाचे शब्द घसरले की उत्तरंही भलतीकडे जातात. मधल्या ओळींत वर्ष, अवघड शब्द आणि संस्थेचं नाव. ज्या गोष्टी आठवणीतून चुकतात तेवढ्याच. आणि शेवटची बाणाची ओळ म्हणजे पुढच्या स्लाईडवर जाण्याचा पूल.

सूचना आणि प्रश्न सोडले तर आख्खं वाक्य एकही नाही. चांगल्या प्रॉम्प्टरसारखं टिपण पहिला शब्द देतं आणि बाजूला होतं. टिपणात पूर्ण भाषण लिहून ठेवलंत तर डोळे त्यावर चिकटतात, आवाज सपाट होतो आणि श्रोत्यांना लगेच कळतं की समोरचा माणूस वाचतो आहे. भिंत वाचणं सोडून लॅपटॉप वाचायला लागलात, तर श्रोत्यांच्या दृष्टीने काहीच सुधारलं नाही.

भिंतीवरचा मजकूर काढून टाकण्यामागे नुसती आवड नाही. सांता बार्बारा इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी चित्र, आवाज आणि मजकूर एकत्र आल्यावर शिकणाऱ्याचं काय होतं, यावर अनेक वर्षं प्रयोग केले. त्यांच्या निष्कर्षांपैकी एक आपल्या कामाचा आहे : चित्र दाखवून तोंडी समजावलं तर लोकांना जितकं नीट कळतं, तितकं तेच चित्र, तेच बोलणं आणि वर तोच मजकूर पडद्यावर छापला तर कळत नाही. छापलेली ओळ आणि ऐकू येणारी ओळ ताडून बघण्यात मनाची शक्ती खर्च होते, शिवाय डोळे चित्र सोडून अक्षरांवर जातात. टिपणं लॅपटॉपवर हलवली की हे ओझं श्रोत्यांच्या डोक्यावरून उतरतं. सोय तुमची, पण फायदा त्यांचा.

पुढची स्लाईड आधी दिसणं

प्रेझेंटर व्ह्यूमधलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते उजवीकडचं छोटं चित्र : पुढची स्लाईड. सुरुवातीला बहुतेकांचं तिकडे लक्षच जात नाही.

ते चित्र नसतं तेव्हा आपण कसे बोलतो? बटण दाबतो, नवी स्लाईड येते, आपण वळून ती बघतो आणि म्हणतो, 'हं, तर आता...' स्लाईड पुढे आणि आपण तिच्या मागे. श्रोत्यांना ती आपल्याबरोबरच दिसते, म्हणून आपण तोंड उघडेपर्यंत त्यांचं वाचून झालेलं असतं.

पुढची स्लाईड आधीच दिसत असेल तर क्रम उलटतो. 'मग या पाण्यात इतकं मीठ आलं कुठून?' हे वाक्य तुम्ही गुलाबी तळं भिंतीवर असतानाच म्हणता, क्षणभर थांबता आणि मग बटण दाबता. विवराचा छेद येतो तो प्रश्नाचं उत्तर होऊन. कीर्तनकार अभंगाचं चरण घेण्याआधी निरूपणातून त्याची वाट तयार करतात, तसं हे आहे. वक्ता आधी जातो आणि चित्र त्याच्या मागून येतं. एवढा एक बदल केलात तरी तुमचं बोलणं ऐकणाऱ्याला फरक जाणवेल, कशामुळे ते सांगता आलं नाही तरी.

बाकीच्या सोयी थोडक्यात. टिपणाखाली लहान-मोठ्या 'ए'ची दोन बटणं असतात, त्यांनी अक्षरं मोठी करा. दोन पावलं मागे उभं राहून वाचता आली पाहिजेत. 'बी' दाबलं की भिंत काळी होते आणि लॅपटॉपवरचं टिपण जागेवर राहतं. महत्त्वाचं काही सांगायचं असेल, कुणाच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं असेल, तेव्हा भिंत काळी करा. सगळ्यांचे डोळे तुमच्याकडे येतात. पुन्हा 'बी' दाबलं की स्लाईड परत. कुणी 'ते मघाचं चित्र पुन्हा दाखवा' म्हणालं तर त्या स्लाईडचा क्रमांक दाबून एंटर करा, थेट तिथे पोहोचाल. मधल्या दहा स्लाईड्स सर्रकन मागे पळवत न्यायची गरज नाही.

पॉवरपॉइंट नसेल तर

लिबरऑफिस इम्प्रेस फुकट मिळतं. दुसरा पडदा जोडून शो सुरू केला की त्याचा प्रेझेंटर कन्सोल लॅपटॉपवर येतो. त्यातलं 'नोट्स' बटण टिपणं दाखवतं आणि 'एक्स्चेंज' पडद्यांची अदलाबदल करतं. इम्प्रेस रिमोट नावाचं ॲप घेतलं तर स्लाईड बदलणं आणि टिपण वाचणं दोन्ही फोनवर होतं. कीनोटमध्ये शो चालू असताना 'एक्स' दाबलं की पडदे आपसात बदलतात. गूगल स्लाईड्समध्ये 'स्लाईड शो' बटणाशेजारच्या बाणावर 'प्रेझेंटर व्ह्यू' आहे. तिथे टिपणांची वेगळी खिडकी उघडते. स्लाईडची खिडकी भिंतीवर आणि टिपणांची लॅपटॉपवर, हे तुम्हाला स्वतः ओढून ठेवावं लागतं.

ऑनलाइन सभेत भिंत नसते, पण धोका तोच असतो. 'शेअर' करताना अख्खा पडदा निवडलात आणि त्या पडद्यावर टिपणं असली, तर ती सगळ्यांच्या घरी पोहोचतात. दुसरा मॉनिटर असेल तर फक्त स्लाईडचा पडदा शेअर करा. एकच पडदा असेल तर पॉवरपॉइंटच्या 'सेट अप स्लाईड शो'मध्ये 'ब्राउझ्ड बाय ॲन इंडिव्हिज्युअल' हा पर्याय निवडा. शो मग पूर्ण पडदा न व्यापता एका खिडकीत चालतो. तेवढी खिडकी शेअर करा आणि टिपणं शेजारी ठेवा.

मराठी टिपणांसाठी

जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर तो फॉन्ट नसेल तर रोमन अक्षरांची गिचमिड होऊन उमटतो. सभागृहाचा संगणक आपला नसतो, हे लक्षात घ्या. स्लाईड असो वा टिपण, मराठी मजकूर युनिकोडमध्येच लिहा. तो कुठल्याही आजच्या संगणकावर मराठीच दिसतो. स्लाईडसाठी खास फॉन्ट वापरला असेल तर फाइल जतन करण्याच्या पर्यायांत 'एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल' निवडा, म्हणजे फॉन्ट फाइलबरोबर जातो.

आणि टिपणांची एक छापील प्रत जवळ ठेवा. छापताना 'नोट्स पेजेस' निवडलं की वर स्लाईड, खाली टिपण असा कागद निघतो. १९८७ साली निघायचा तसाच. वीज गेली, केबल बसली नाही, प्रोजेक्टरचा दिवा उडाला, तरी त्या कागदावर तुमचं भाषण पार पडतं.

लॅपटॉप म्हणजे तिजोरी नव्हे

शेवटी पुन्हा त्या टिपणाकडे येते. 'फक्त मला दिसतं' हा भरवसा फार लवकर बसतो आणि मग माणूस टिपणांत काहीही लिहू लागतो : कुणाचा पगार, कुणाचा आजार, कुणाबद्दलचं मत. पण टिपणं राहतात फाइलमध्येच. सभा झाल्यावर कुणी म्हणतं, 'पीपीटी पाठवाल का?' आणि आपण आनंदाने पाठवतो. स्लाईड्सबरोबर प्रत्येक टिपणही जातं. पुढे ते किती जणांकडे फिरेल, ते आपल्या हातात उरत नाही.

म्हणून फाइल पाठवण्याआधी तिची एक प्रत करा. पॉवरपॉइंटमध्ये 'फाइल', 'इन्फो', 'चेक फॉर इश्यूज' आणि मग 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट' या वाटेने जा. तपासणीत 'प्रेझेंटेशन नोट्स' सापडल्या तर त्या एका क्लिकने काढून टाकता येतात. तपासणी प्रतीवरच करा, नाहीतर तुमची मूळ टिपणं जातील. किंवा स्लाईड्सची पीडीएफ करून पाठवा. करताना 'नोट्स पेजेस' निवडलेलं नाही एवढं बघा.

माझा नियम याहून साधा आहे. टिपण लिहून झालं की ते भिंतीवर दिसतं आहे असं समजून मी एकदा वाचते. एखादी ओळ दिसल्याने माझी फजिती होणार असेल तर ती राहू देते. माझं टिपण उघड झालं, तर लोकांना कळेल की मी तयारी करून आले, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण ती ओळ दुसऱ्या कुणाला लागणार असेल तर ती फाइलमध्ये ठेवत नाही. जोडणी कितीही तपासली तरी केबल हलते, कळ चुकते. त्या चुकीची किंमत समोर बसलेल्या माणसाने मोजावी, हे मला पटत नाही.

बाई त्या आईकडे दुसऱ्या दिवशी घरी गेल्या आणि माफी मागून आल्या. पुढच्या पालकसभेला मी पुन्हा मागे उभी होते. या वेळी बाई अर्धा तास आधी आल्या, प्रोजेक्टरच्या भिंगावर वहीचा पुठ्ठा ठेवला, शो सुरू केला, लॅपटॉपवर टिपणं आल्याची खात्री केली आणि मगच पुठ्ठा उचलला. भिंतीवर वर्गातल्या पुस्तकांच्या कपाटाचा मोठा फोटो होता. सभाभर त्या भिंतीकडे एकदाही वळल्या नाहीत. पालकांकडे बघून बोलत राहिल्या. ज्या पालकांशी वेगळं बोलायचं होतं त्यांची नावं त्यांच्या पर्समध्ये, घडी घातलेल्या एका चिठ्ठीवर होती.

या आठवड्याचा सराव

तुमच्या जुन्या भाषणातली सर्वांत जास्त मजकुराची स्लाईड घ्या. सगळा मजकूर उचलून खाली नोट्समध्ये टाका आणि वर एकच चित्र किंवा एकच आकडा ठेवा. मग नोट्समधली वाक्यं मोडून सहा ओळींवर आणा. शेवटची ओळ पुढच्या स्लाईडकडे नेणारी हवी. ऑल्ट धरून एफ-५ दाबा आणि घरातल्या कुणाला तरी समोर बसवून बोलून बघा. बोलताना तुमची नजर टिपणावर किती वेळा गेली, ते त्यांना मोजायला सांगा.

पुढच्या आठवड्यात : श्रोत्यांचे प्रश्न, आणि उत्तर माहीत नसेल तेव्हा काय बोलावं.